शिमग्याच्या सोंगांना भिंतीवर जागा हवी

मोठ्या शहरांतल्या दिवाणखान्यांत, हॉटेलांत आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत चिनी मातीचे काही मुखवटे हमखास दिसतात. पांढराफटक चेहरा, गालावर ओघळलेला काळा थेंब, अर्ध्या कपाळावर सोनेरी नक्षी, कानाशी रिबिनींचा झुपका. हे चेहरे इटलीतल्या कार्निव्हलचे आणि तिथल्या फिरत्या नाटकमंडळ्यांचे. ज्यांच्या भिंतीवर ते टांगलेले असतात त्यांतल्या बहुतेकांनी ते नाटक पाहिलेले नसते, पात्राचे नावही त्यांना ठाऊक नसते. तरी चेहरा मात्र ओळखीचा झालेला असतो. महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत वाढलेल्या माणसाच्या मुंबईतल्या घरीही असा एखादा मुखवटा असू शकतो. मात्र त्याच्या स्वतःच्या मुलखातली शिमग्याची सोंगे फाल्गुनातले मोजके दिवस सोडले तर कुठेही दिसत नाहीत. घरात नाहीत, शाळेत नाहीत, एस.टी. स्थानकावर नाहीत आणि रायगडावर जाणाऱ्या पर्यटकाच्या पिशवीतही नाहीत. ही उणीव भरून काढता येईल. शिमग्याच्या सोंगांचे चेहरे भाजलेल्या, चकाकी दिलेल्या मातीत घडवून भिंतीवर आले पाहिजेत. ते याच मुलखात, गावांच्या संमतीने आणि गावांच्या नावानिशी घडले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

भिंतीवर मुखवटा टांगणे ही परक्यांची हौस आहे, असे मानायचे कारण नाही. महाराष्ट्रातल्या जुन्या देवळांच्या उंबरठ्यावर वटारलेल्या डोळ्यांचे कीर्तिमुख असते. नव्या बांधकामाला दृष्ट लागू नये म्हणून सुळे बाहेर आलेला राक्षसाचा मुखवटा टांगायची रीत आजही गावोगाव दिसते. भाद्रपदात ज्येष्ठागौरी येतात त्या अनेक घरांत मुखवट्याच्या रूपाने येतात. कुठे पितळेचा, कुठे शाडूचा, अलीकडे प्लास्टरचा. शिवपिंडीवर चांदीचा मुखवटा चढतो आणि शिमग्यात ग्रामदेवतेची रुपी, म्हणजे देवाचे मुखवटे, पालखीत बसवली जातात. एकट्या चेहऱ्यात अख्खे अस्तित्व पाहण्याची नजर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पूजेचा चेहरा, राखणीचा चेहरा आणि खेळाचा चेहरा असे तीन प्रकार आपण मनातल्या मनात वेगळे ठेवतो. पहिले दोन घरात आणि देवळात वर्षभर राहतात. तिसरा, म्हणजे सोंगाचा चेहरा, खेळ संपला की पेटीत जातो आणि वर्षभर दिसत नाही. हे लेखन या तिसऱ्या चेहऱ्यापुरतेच आहे.

दक्षिण रायगड आणि त्याला लागून असलेला खेड, मंडणगड, दापोलीचा पट्टा यांचा शिमगा म्हणजे होळी आणि रंग एवढाच नव्हे. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या ओट्यावर येते, मग घरोघर फिरते. ढोल, टिमकी आणि सनईचा खालू बाजा वाजतो. पोलादपूरकडे काटखेळ होतात. खेळ्यांमध्ये, म्हणजे सोंगे घेऊन नाचणाऱ्या मंडळींत, गोमू नाचते, मुखवटा चढवलेला नकटा मुलांच्या मागे लागतो, आणि सगळ्यांत लक्ष वेधतो तो संकासूर. अंगभर काळा झगा, तोंड झाकणारा काळा मुखवटा, वर निमुळती होत गेलेली उंच टोपी, हनुवटीला पांढरी दाढी, बाहेर लोंबणारी लाल जीभ आणि कमरेला घुंगरांचा पट्टा. वेद पळवणाऱ्या आणि मत्स्यावतारात विष्णूच्या हातून मारल्या गेलेल्या शंखासुराचे हे कोकणी रूप. पुढे दक्षिणेला सिंधुदुर्गाच्या दशावतारातही तोच वेगळ्या ढंगात रंगमंचावर येतो. नमन या लोकनाट्यात शेवटाकडे दहा तोंडांचा रावण उभा राहतो. गावागणिक सोंगे बदलतात, त्यांचे मान बदलतात, चालही बदलते. इतकी घडीव पात्रसृष्टी ज्या मुलखात आहे तिथल्या मुलांना जोकर, बॅटमॅन आणि स्पायडरमॅन यांचे मुखवटे जत्रेत विकत मिळतात. संकासुराचा मिळत नाही. यात मुलांचा दोष नाही आणि आईबापांचाही नाही. कुणी घडवलाच नाही, तर घरात येणार कुठून?

ही सोंगे आज तगून आहेत ती मुख्यतः चाकरमान्यांच्या जिवावर. महाड-पोलादपूरच्या कितीतरी वाड्यांतली तरुण माणसे मुंबई-पुण्याला असतात आणि गणपती-शिमग्याला गावी येतात. खेळ्यांचे वळण देण्यासाठी पूर्वी जी सवड असे, ती रजेच्या चारदोन दिवसांत मिळत नाही. त्यात या मुलखावर निसर्गाचे घाव वारंवार बसले. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराच्या पाण्यात गेले आणि त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला. गेलेल्या माणसांपुढे मुखवट्याची गोष्ट करणेही जड जाते. तरी एक सत्य आहे: वाडी उठून दुसऱ्या जागी वसते तेव्हा घरे नव्याने बांधून मिळतात, पण तिची सहाण, तिच्या सोंगांचे कपडे, तिच्या खेळाची पेटी यांची कुठल्याही पंचनाम्यात नोंद नसते. एखाद्या गावाच्या सोंगाचा चेहरा दहावीस घरांच्या भिंतींवर असेल, तर पेटी वाहून गेली तरी चेहरा हरवत नाही. पुढच्या पिढीतल्या कुणाला ते सोंग पुन्हा उभे करायचे झाले, तर हाताशी नमुना असतो.

चेहरा मातीत उतरला की तो नाटकाहून अधिक काळ जगू शकतो, याचा पुरावा युरोपात आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून इटलीत फिरत्या मंडळ्यांनी ठरीव पात्रांचे, उत्स्फूर्त संवादांचे नाटक रंगवले. ठिगळांच्या कपड्यांतला नोकर आर्लेकिनो, चिक्कू म्हातारा पांतालोने, बाकदार नाकाचा पुल्चिनेला ही पात्रे चामड्याचे मुखवटे घालून येत. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या मंडळ्या ओसरल्या. १७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक कोसळले आणि तिथल्या कार्निव्हलवर बंदी आली. पण तोवर जर्मनीत माइसनच्या कारखान्यात योहान योआखिम केंडलरने आणि १७६० च्या सुमारास म्युनिकजवळच्या निम्फेनबुर्गमध्ये फ्रान्त्स आन्तोन बुस्टेलीने हीच पात्रे चिनी मातीत उतरवली होती. बुस्टेलीच्या सोळा मूर्तींचा संच आजही संग्रहालयांत मानाने ठेवला जातो. पुढे व्हिएन्नातल्या, १८८५ मध्ये सुरू झालेल्या गोल्डशायडर कारखान्याने दोन महायुद्धांच्या मधल्या काळात भाजक्या मातीचे भिंतीवरचे मुखवटे घरोघरी पोचवले. व्हेनिसचा कार्निव्हल १९७९-८० च्या सुमारास पुन्हा उभा राहिला तेव्हा मुखवटा घडवणाऱ्यांना सगळेच शून्यातून शोधावे लागले नाही. चित्रांनी, छापील पुस्तकांनी आणि या मातीच्या कामांनी चेहरे राखून ठेवले होते. खेळ थांबला तरी ओळख टिकली, आणि ओळख टिकली म्हणून खेळ परतून येऊ शकला.

यावर पहिला प्रश्न येईल तो माध्यमाचा. संकासुराचा मुखवटा कापडाचा. इतरत्र लाकूड, कागदाचा लगदा. मग माती कशाला? उत्तर कोकणच्या हवेत आहे. महाड-पोलादपूरला वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने भिंती ओल धरतात; कापडाला बुरशी येते, लगदा फुगतो, लाकडाला वाळवी लागते. खेळाचा मुखवटा हलकाच हवा, कारण तो घालून रात्रभर नाचायचे असते. त्यासाठी कापडच योग्य आणि ते तसेच राहावे. भिंतीवरच्या मुखवट्याला नाचायचे नाही, टिकायचे आहे. मातीचा मुखवटा प्लास्टरच्या साच्यात दाबून किंवा पातळ माती ओतून काढतात. डोळ्यांची भोके आणि टांगायची खाच ती ओली असतानाच कापून घेतात. मग सावलीत सावकाश सुकवतात, कारण घाई केली की कडा वाकतात. सुमारे १००० अंश सेल्सिअसला पहिली भाजणी, त्यावर काचेसारखी वितळणारी चकाकी, म्हणजे ग्लेझ, आणि दुसरी भाजणी. सोनेरी काम हवे तर ७०० ते ८०० अंशांची तिसरी. असा चेहरा ओल्या फडक्याने पुसला की पुन्हा नवा. भट्टीत पक्क्या बसलेल्या रंगाचे पोपडे निघत नाहीत.

संकासूर मातीत आणायचा तर कारागिराची खरी परीक्षा आहे, आणि ही परीक्षाच या कामाला हस्तकलेची प्रतिष्ठा देईल. उंच टोपी एकसंध काढली तर सुकताना आणि भाजताना माती आकसते आणि टोपीच्या मुळाशी तडा जातो. ती वेगळी घडवून ओल्या मातीच्या लेपाने जोडावी लागेल किंवा भिंतीला टेकणारी, मागून पोकळ अशी आखावी लागेल. काळा रंग चकचकीत दिला तर चेहऱ्याचे उग्रपण जाते. लोह आणि मँगनीजच्या भस्मांचा मंद, चमक नसलेला काळा लागेल. जिभेचा लाल हा तर मातीकामातला अवघड रंग, तो थोड्याशा चुकलेल्या तापमानालाही करपतो. दाढी मातीची केली तर ती दगडासारखी दिसेल. हनुवटीच्या कडेला ओळीने बारीक भोके ठेवून त्यांत ताग ओवला तर वाऱ्याने हलणारी दाढी भिंतीवरही हलेल. असे निर्णय घ्यायचे तर कारागिराने शिमगा पाहिलेला असला पाहिजे. दूरच्या कारखान्यात छायाचित्र पाहून हे जमणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे देवाचे आहे, ते बाजारात आणू नये. त्याचा मान राखूनच उत्तर द्यायला हवे. पालखीतली रुपी, महाडच्या वीरेश्वराच्या छबिन्याला भेटायला येणाऱ्या पालख्यांमधल्या ग्रामदेवता, विन्हेऱ्याची झोलाई यांच्या मुखांच्या प्रतिकृती शोभेसाठी करू नयेत, हे मला पूर्ण मान्य आहे. प्रश्न सोंगांचा आहे, आणि तिथेही सरसकट नियम चालणार नाही. काही गावांत संकासूर निव्वळ सोंग नाही. त्याला नवस बोलले जातात, त्याचा पोशाख कुणी चढवायचा हे ठरलेले असते. ज्या गावाला आपला संकासूर भिंतीवर नको असेल, तिथला तो होऊ नये. ज्या गावाची हरकत नसेल, त्याने बैठकीत ठरवून कारागिराला परवानगी द्यावी, कोणते सोंग चालेल आणि कोणते नाही हे सांगावे.

पण बैठक म्हणजे फक्त मानकऱ्यांची बैठक नव्हे, हे महाडच्या मातीत तरी ठासून सांगायला हवे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच गावात चवदार तळ्याचे पाणी घेऊन सार्वजनिक गोष्टीवर हक्क कुणाचा हा प्रश्न देशापुढे ठेवला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला इथेच मनुस्मृतीचे दहन झाले. गावाचा सण साऱ्या गावाचा असे म्हणताना वाजवणारे, नाचणारे, मुखवटा शिवणारे, मशाल धरणारे यांच्यापैकी किती जण निर्णयाच्या बैठकीत बसत आले, हे तपासले पाहिजे. मुखवट्याच्या पाठीवर गावाचे नाव कोरायचे, तर उत्पन्नातला वाटा आणि निर्णयातला आवाज या सगळ्यांना मिळाला पाहिजे. तसे झाले नाही तर जुनी उतरंड नव्या वस्तूवर रंगवल्यासारखे होईल, आणि त्या वस्तूला महाडचे नाव शोभणार नाही.

तिसरा आक्षेप: एकदा विक्री सुरू झाली की कला उथळ होते, आणि स्वस्त नकला बाजार काबीज करतात. ही भीती खरी आहे. पण विक्री टाळल्याने कला वाचते असेही दिसत नाही. पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातल्या चडिदा गावात छाऊ नृत्याचे मुखवटे घडतात. तिथले कारागीर नर्तकांसाठी मोठे मुखवटे करतात आणि पर्यटकांसाठी भिंतीवर लावायचे लहानही करतात. नाचाचा हंगाम ठरावीक असतो, पोट बारा महिन्यांचे. लहान मुखवट्यांच्या विक्रीने घरातला हात या कामातच राहतो. २०१८ मध्ये पुरुलियाच्या या मुखवट्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याकडे वारली चित्रकलेचे उदाहरण आहे. लग्नघरातल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणींनी काढायचा चौक कागदावर आणि कापडावर आला. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये कलेला भौगोलिक मानांकन लाभले. वारलीची नक्कल कपबशीपासून पडद्यापर्यंत सगळीकडे झाली, हेही तितकेच खरे. त्यातून घ्यायचा धडा असा की नाव आणि नोंद आधी, बाजार नंतर. भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा उत्पादकांच्या संघटनेला अर्ज करू देतो; मात्र आधी उत्पादक असावे लागतात, उत्पादन असावे लागते आणि त्याचा त्या भूमीशी असलेला संबंध कागदावर मांडता यावा लागतो. जे घडवलेच नाही त्याला कुठलाही कायदा संरक्षण देऊ शकत नाही.

चौथा आक्षेप नाट्यवाल्यांचा, आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. मुखवटा अंगावर चढतो तेव्हाच जिवंत असतो. घुंगरांचा आवाज, धावणारी मुले आणि सनईचा चढता सूर काढून घेतला की उरते ती टरफले. हे म्हणणे बरोबर आहे, आणि इटलीचा इतिहासही ते सांगतो. मातीच्या मूर्तींनी आर्लेकिनोचा चेहरा सांभाळला, पण त्याला पुन्हा उभे केले ते नाटकवाल्यांनी. १९४७ मध्ये मिलानच्या पिक्कोलो थिएटरमध्ये जॉर्जो स्ट्रेलर यांनी आर्लेकिनोचे नाटक बसवले. त्या प्रयोगाने पुढे अनेक दशके जग पाहिले, आणि त्याच वाटेवर पादुआचे शिल्पकार आमलेतो सार्तोरी यांनी चामड्याचा मुखवटा घडवण्याचे विसरलेले तंत्र खटपट करून परत मिळवले. म्हणून भिंतीवरचा मुखवटा खेळाची जागा घेणार नाही, घेऊही नये. त्याचे काम खेळाकडे बोट दाखवण्याचे आहे. पाठीवर सोंगाचे नाव, गावाचे नाव, खेळाची तिथी आणि घडवणाऱ्याचे नाव भाजून कायमचे लिहिलेले असेल, तर तो विकत घेणारा माणूस फाल्गुनात त्या गावी जायचे मनात आणू शकतो. विक्रीतला ठरलेला वाटा खेळ्यांच्या मंडळाकडे गेला, तर नवा झगा, नवे घुंगरू, वाजंत्र्यांचे मानधन यांची सोय होते. नाव नसलेला मुखवटा टरफल आहे. नाव-गाव असलेला मुखवटा आमंत्रण आहे.

उरतो व्यवहार. महाडला हे घडवणार कोण, असे विचारले जाईल. याच रायगड जिल्ह्यात पेण आहे. साचा काढणे, चेहरा घासणे, डोळे रेखणे यांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले हात तिथे आहेत, आणि गणपती उरकले की त्यांतल्या अनेकांच्या कामाला उतार पडतो. त्यांना भट्टीची आणि चकाकीची जोड मिळाली पाहिजे. त्यासाठीही मराठी मुलखात पूर्वपीठिका आहे: मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली चकाकीचे मातीकाम सुरू झाले, सिंधचे कुंभार आणि अजिंठ्याची नक्षी यांचा मेळ त्यात घातला गेला, आणि ती भांडी परदेशांतल्या संग्रहांपर्यंत पोचली. कलाशाळा, पेणचे मूर्तिकार आणि महाड-पोलादपूरची मंडळे एकत्र आली तर शिकण्यासारखे आणि शिकवण्यासारखे दोन्ही बाजूंना भरपूर आहे. गिऱ्हाईक शोधायलाही लांब जायला नको. मुंबई-गोवा महामार्ग या दोन्ही तालुक्यांतून जातो, पोलादपुराहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरची वाट फुटते, महाडहून रायगडाची. या वाटांवरून जाणारा प्रवासी कोकम, काजू, आंबापोळी घेऊन जातो. ते संपले की त्याच्याकडे या मुलखाची काहीही खूण उरत नाही.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती क्रमाने पुरी करता येण्याजोगी आहे. दोन्ही तालुक्यांतल्या खेळ्यांच्या मंडळांनी येत्या शिमग्यात आपापल्या सोंगांची समोरून आणि बाजूने छायाचित्रे, मापे, कापडाची आणि रंगांची माहिती, तसेच सोंग घेणाऱ्या जुन्या माणसांचे बोलणे नोंदवून ठेवावे. हे काम इथल्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना सहज जमेल. कोणती सोंगे घडवायची आणि कोणती नाहीत, हे प्रत्येक गावाने सर्वांना बसवून ठरवावे. जिल्हा परिषदेने आणि पर्यटन विभागाने पुतळे आणि कमानी यांच्यावरच्या खर्चातला लहानसा भाग एका सामाईक भट्टीला द्यावा. पहिले मुखवटे दुकानात न जाता तालुक्यातल्या प्राथमिक शाळांच्या भिंतींवर लागावेत, पाठीवर नाही तर समोरच नाव लिहून, म्हणजे गावी वाढणाऱ्या आणि सुट्टीत येणाऱ्या मुलांना आपली पात्रे आपल्या नावाने ओळखता येतील. त्यानंतर बाजार. आर्लेकिनोला आपल्या भिंतीवर जागा मिळाली याचे मला वाईट वाटत नाही. त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे याचे वाटते. ती जागा भरायला लागणारी माती, हात आणि पात्रे या जिल्ह्यात आहेत. लागतो तो निर्णय, आणि सोंगे घेणारी जुनी पिढी हयात आहे तोवरच तो घेतला गेला पाहिजे.